कॉईलवरचा आरोप

सुट्या भागांच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्यास एक वाक्य वारंवार ऐकावे लागते : "करंट येत नाही, कॉईल गेली आहे, नवी द्या." ग्राहक घाईत असतो. मिस्त्रीने चिठ्ठीवर एकच शब्द लिहून दिलेला असतो. दुकानाच्या भिंतीवर 'इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी असते. पाच मिनिटांत व्यवहार पुरा होतो. दोन दिवसांनी तोच ग्राहक पुन्हा दारात उभा राहतो, कारण नवी कॉईल बसवूनही गाडीची तक्रार जशीच्या तशी आहे. आता पाटीकडे बोट दाखवावे, की ग्राहकाचे मन राखण्यासाठी तोटा सोसावा? पुण्याच्या नाना पेठेत बसणाऱ्या व्यापाऱ्यापासून तालुक्याच्या गावातील लहान दुकानदारापर्यंत हा पेच सर्वांना ठाऊक आहे. तो सोडवण्याचा मार्ग मात्र विक्रीनंतर सापडत नाही. तो विक्रीच्या आधी, कॉईलची नीट परीक्षा घेण्यात आहे. या महिन्यात ती परीक्षा कशी घ्यावी, हे पाहू.

उदाहरण म्हणून एक जुनी डर्ट बाईक घेऊ. यामाहा कंपनीची 'डीटी-१' ही गाडी १९६८ साली बाजारात आली. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, २४६ सीसीचे इंजिन, आणि खडबडीत, मातीच्या वाटांवर चालवता यावी अशी रचना. अमेरिकेत तिला मोठी मागणी आली. तोवर तिकडच्या हौशी स्वारांना एक तर रस्त्यावरच्या जड गाड्यांचे भाग काढून त्या हलक्या कराव्या लागत, नाही तर महागडी युरोपीय यंत्रे घ्यावी लागत. डीटी-१ घरापासून रानापर्यंत रस्त्याने जात असे आणि रानातही चालत असे. आज त्या गाड्या अर्ध्या शतकाहून अधिक जुन्या झाल्या आहेत आणि संग्राहक त्या जिवापाड जपतात. हे उदाहरण निवडण्याचे कारण दुहेरी आहे. एक तर तिची ठिणगीची व्यवस्था इतकी साधी आहे की प्रत्येक भागाचे काम उघड दिसते. दुसरे म्हणजे इतक्या जुन्या गाडीवर चुकीचा निकाल फार महाग पडतो. त्या काळचा अस्सल भाग चांगला असताना भंगारात गेला, तर तसा पुन्हा मिळणे कठीण असते. ज्यांच्या घरी येझदी किंवा आरएक्स-१०० उभी आहे, त्यांनाही यातील बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील. जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे.

प्रथम कॉईलचे काम समजून घ्यावे. १८३१ साली मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर तारेचे दोन वेगळे वेढे घेतले आणि एकातील प्रवाह सुरू वा बंद होताना दुसऱ्यात क्षणभर प्रवाह उमटतो, हे दाखवले. गाडीच्या कॉईलचे सारे रहस्य एवढेच आहे. लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे असतात, त्यांस प्रायमरी म्हणतात. केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात, ते सेकंडरी. प्रायमरीतील प्रवाहात एकाएकी मोठा बदल झाला की सेकंडरीत काही हजार व्होल्ट उभे राहतात आणि प्लगच्या टोकांमधील फट ओलांडून ठिणगी उडते. येझदीसारख्या गाडीत हा प्रवाह बॅटरीतून येतो आणि पॉइंट उघडले की तुटतो. त्या तुटण्याने ठिणगी होते. डीटी-१ मध्ये ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. इंजिनाच्या बाजूला फिरणाऱ्या चक्रात लोहचुंबक बसवलेले असतात. आपले मिस्त्री त्या चक्राला सरळ 'मॅग्नेट' म्हणतात. त्याच्या आत एक कॉईल असते, ती वीज तयार करते. पॉइंट मिटलेले असताना ती वीज पॉइंटमधूनच फिरत राहते. पॉइंट उघडले की तिला दुसरी वाट राहत नाही, म्हणून ती पेट्रोलच्या टाकीखाली बसवलेल्या एचटी कॉईलच्या प्रायमरीत एकदम शिरते, आणि त्या शिरण्याने ठिणगी होते. आरएक्स-१०० मध्ये पॉइंटच नाहीत. तेथे सीडीआय नावाचा डबा आपल्यात साठवलेली वीज नेमक्या क्षणी कॉईलमध्ये सोडतो.

यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. पहिली, ठिणगी ही एकट्या कॉईलची करणी नसते. मॅग्नेटखालची कॉईल, पॉइंट, कंडेन्सर, टाकीखालची कॉईल, एचटी वायर, प्लगची टोपी, प्लग आणि या सर्वांना जोडणारी अर्थ या साखळीत एक कडी जरी तुटली, तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते : करंट येत नाही. दुसरी गोष्ट, तिन्ही प्रकारांच्या कॉईली दिसायला सारख्या असल्या तरी परस्परांच्या जागी चालतीलच असे नाही. बॅटरीवर चालणाऱ्या १२ व्होल्टच्या पारंपरिक कॉईलच्या प्रायमरीचा रोध साधारण ३ ते ५ ओहम असतो. डीटी-१ च्या जातीच्या मॅग्नेटो कॉईलमध्ये तो एक ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो. 'कॉईल ती कॉईल' म्हणून मिळेल ती बसवली, तर किक मारताना ठिणगी फिकी येते, गाडी कशीबशी चालू होते आणि पुढची अनेक वर्षे मालक कार्ब्युरेटरला दोष देत राहतो. विकताना गाडीचे नाव आणि साल विचारून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

आता परीक्षेचा क्रम. तो सोप्यापासून अवघडाकडे आणि स्वस्तापासून महागाकडे जाणारा असावा. जो भाग काढायला सोपा आणि बदलायला स्वस्त आहे, त्याची चौकशी आधी. कॉईलची पाळी शेवटी.

पहिली पाळी प्लगची. ठाऊक असलेला चांगला प्लग लावून पाहावे. जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेलाने माखलेला प्लग हाच अर्ध्या तक्रारींचा धनी असतो. त्यानंतर प्लगची टोपी. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून अनेक टोप्यांमध्ये मुद्दाम रोध घातलेला असतो, बहुधा ५ हजार ओहमचा. कालांतराने आतील तो तुकडा जळतो आणि रोध कितीतरी पट वाढतो. टोपी एचटी वायरवरून फिरवून काढता येते, आणि मीटर लावून ती वेगळी तपासता येते. टोपी काढल्यावर एचटी वायरच्या टोकाकडे पाहावे. तांबे हिरवे पडले असेल आणि तार पुरेशी लांब असेल, तर अर्धा सेंटिमीटर कापून ताजे टोक घ्यावे.

दुसरी पाळी किल स्विचची. मॅग्नेटोच्या गाडीत स्विच बंद करणे म्हणजे वीज तोडणे नव्हे. स्विच त्या विजेला अर्थची वाट मोकळी करून देतो, आणि ती कॉईलकडे न जाता तिकडे निघून जाते. म्हणून हँडलजवळ कोठे तारेची साल निघून ती लोखंडाला टेकली, किंवा स्विचमध्ये पाणी व गंज शिरला, की गाडी कायमची 'बंद' अवस्थेत राहते. उपाय सोपा आहे. स्विचकडे जाणारी तार तात्पुरती सोडवून किक मारावी. ठिणगी आली तर कॉईल निर्दोष आहे आणि दोष तारेचा किंवा स्विचचा. येझदीसारख्या बॅटरीच्या गाडीत मात्र उलटे असते. तेथे स्विच वीज पुरवतो, म्हणून कॉईलपर्यंत बॅटरीचे व्होल्टेज पुरते पोहोचते की नाही, हे पाहावे लागते.

तिसरी पाळी अर्थची. जुनी गाडी नवी करून घेणाऱ्यांना हा मुद्दा विशेष सांगण्याजोगा आहे. टाकीखालच्या अनेक कॉईलींना अर्थसाठी वेगळी तार नसते; कॉईलचा लोखंडी गाभा फ्रेमला स्क्रूने आवळला जातो, तीच तिची अर्थ. मालक हौसेने फ्रेमला जाड, चकचकीत रंग देतो, कॉईल त्या रंगावर आवळतो, आणि गाडी चालू होत नाही. रंग विजेला अडवतो. मग जी कॉईल रंगकामापूर्वी उत्तम चालत होती, तीच 'गेली' असा निकाल लागतो. कॉईल बसते त्या जागी फ्रेमवरील रंग कानसेने किंवा पॉलिश पेपरने खरवडून उघडे लोखंड दिसू द्यावे. मीटरने कॉईलचा गाभा आणि इंजिनाचे कवच यांमधील रोध मोजावा. तो जवळजवळ शून्य यायला हवा.

चौथी पाळी पॉइंट आणि कंडेन्सरची. मॅग्नेटच्या चक्राला खिडक्या असतात, त्यांतून पॉइंट दिसतात. त्यांची टोके स्वच्छ असावीत आणि पूर्ण उघडल्यावर फट पुस्तिकेत दिलेली असावी. या जातीच्या गाड्यांत ती साधारण ०.३ ते ०.४ मिमी असते. टोकांवर तेलाचा पातळ थर असला तरी ठिणगी मरते. नवा पॉइंट डब्यातून निघतानाही गंज लागू नये म्हणून त्याला तेल लावलेले असू शकते; तो पुसूनच बसवावा. कंडेन्सरचे काम पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये आगीची वात उठू न देणे, हे आहे. तो खराब झाला की पॉइंटवर निळसर-पांढऱ्या ठिणग्या मोठ्या दिसू लागतात, टोके लवकर जळतात आणि प्लगवरील ठिणगी पिवळी, दुबळी होते. हुबेहूब हेच लक्षण कॉईलच्या दोषाचेही मानले जाते. बाजारातील बऱ्याच मल्टीमीटरमध्ये आता कंडेन्सर मोजण्याची सोय असते. अशा कंडेन्सरचे माप बहुधा ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते. कॉईलच्या मानाने कंडेन्सर कितीतरी स्वस्त, म्हणून त्याची चौकशी आधी.

एवढे करूनही तक्रार राहिली, तर आता कॉईलकडे यावे. तिची परीक्षा तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा मल्टीमीटरचा. कॉईलच्या तारा प्रथम सोडवाव्यात. तशाच मोजल्या तर मॅग्नेटखालची कॉईल, पॉइंट आणि स्विच हे सारे त्या मोजणीत शिरतात आणि आकडा खोटा येतो. मीटरच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून त्यांचा स्वतःचा रोध पाहून घ्यावा. साध्या मीटरमध्ये तो ०.२ ते ०.५ ओहम असू शकतो. प्रायमरीच एक ओहमची असेल, तर ही वजावट विसरून चालत नाही. तराजूत धान्य घालण्यापूर्वी पिशवीचे वजन वजा करतो, तसेच हे. मग प्रायमरीचे टोक आणि गाभा यांमध्ये मोजावे. आकडा पुस्तिकेजवळ आला तर ठीक. मीटरने काहीच दाखवले नाही, तर तार आत तुटली आहे. त्यानंतर टोपी काढलेल्या एचटी वायरचे टोक आणि गाभा यांमध्ये सेकंडरी मोजावी. तेथे काही हजार ओहम यायला हवेत; बहुतेक कॉईलींत ५ ते १२ हजारांच्या दरम्यान. काही कॉईलींत दोन्ही वेढ्यांची जोडणी वेगळी असते, म्हणून हाताशी पुस्तिका असेल तर तीच प्रमाण मानावी.

बहुतेक मिस्त्री येथे थांबतात, आणि निकाल चुकण्याचे खरे ठिकाण हेच. मीटर कॉईलमध्ये सोडतो ती वीज त्याच्या आतल्या लहान सेलची, एक-दोन व्होल्टांची. कॉईलला प्रत्यक्षात दहा-पंधरा हजार व्होल्ट सांभाळायचे असतात. बारीक तारेवरील लाखेचे आवरण पन्नास वर्षांच्या उष्णतेने, हादऱ्यांनी आणि ओलाव्याने एखाद्या जागी तडकलेले असेल, तर दोन व्होल्टांना ती फट दिसतही नाही. दहा हजार व्होल्टांना ती राजमार्ग वाटते. ठिणगी प्लगपर्यंत न जाता कॉईलच्या पोटातच उडी मारते. म्हणून मीटरचा वाईट आकडा कॉईल वाईट असल्याचा भक्कम पुरावा आहे. मीटरचा चांगला आकडा ती चांगली असल्याचा पुरावा नाही.

दुसरा टप्पा ठिणगीच्या उडीचा. प्लग काढून डोक्याला टेकवायचा, किक मारायची आणि ठिणगी दिसली की 'करंट आहे' म्हणायचे, ही आपल्याकडची रूढ पद्धत. ती अपुरी आहे. प्लगची फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते आणि मोकळ्या हवेत ती ओलांडायला थोडेच व्होल्टेज पुरते. सिलिंडरमध्ये दाबलेल्या वायूतून तीच फट ओलांडण्यास कितीतरी अधिक व्होल्टेज लागते. बाहेर ठिणगी देणारी कॉईल आत गप्प बसते, ती यामुळे. म्हणून परीक्षा मोठ्या फटीवर घ्यावी. फट कमी-जास्त करता येणारे ठिणगी-परीक्षक स्वस्तात मिळतात. कार्यशाळेच्या पुस्तिकांत ६ मिमीच्या आसपासची उडी ही किमान कसोटी म्हणून आढळते. दमदार किक मारल्यावर तेवढी फट ओलांडणारी, निळसर आणि चटकन आवाज करणारी ठिणगी आली, तर कॉईल थंड अवस्थेत तरी सशक्त आहे. मॅग्नेटोची वीज चक्राच्या गतीवर अवलंबून असते, हे येथे विसरू नये. मंद किकवर आलेली फिकी ठिणगी कॉईलच्या माथी मारणे अन्यायाचे ठरते.

या टप्प्यात तीन सावधगिऱ्या पाळाव्यातच. एक, प्लग काढलेल्या छिद्रातून किक मारताना पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. ठिणगी त्या छिद्राजवळ उडू देऊ नये, नाही तर भडका उडतो. छिद्र बंद करावे, किंवा दुसरा प्लग त्यात बसवून परीक्षा लांब घ्यावी. दोन, एचटी वायर हातात धरून परीक्षा घेऊ नये. ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे त्यांनी तर या कामाजवळही उभे राहू नये. तीन, एचटी वायर मोकळी लोंबत ठेवून किक कधीही मारू नये. ठिणगीला बाहेर वाट मिळाली नाही, तर व्होल्टेज वाढत जाऊन ती कॉईलच्या आतील आवरणच फोडू शकते. एकदा ठिणगीने आवरणातून वाट काढली की तेथे काजळीची रेघ उरते आणि पुढची प्रत्येक ठिणगी त्याच वाटेने जाते. चांगली कॉईल तपासणाऱ्याच्या हातूनच अशी मरते आणि मग 'मी म्हणालो होतो ना' असे म्हणायला तो मोकळा होतो.

तिसरा टप्पा उष्णतेचा, आणि जुन्या गाड्यांच्या बाबतीत तोच सर्वांत महत्त्वाचा. तक्रार सहसा अशी असते : सकाळी गाडी पहिल्या किकेत चालू होते, वीस मिनिटे छान चालते, मग अडखळत बंद पडते, अर्धा तास थांबले की पुन्हा चालू. दुकानात किंवा गॅरेजमध्ये कॉईल काढून आणली तोवर ती थंड झालेली असते आणि प्रत्येक कसोटीत उत्तीर्ण होते. गरम झाल्यावर आतील तार प्रसरण पावते, तडकलेले आवरण उघडते किंवा अर्धवट तुटलेले टोक सुटते. थंड झाले की सारे पुन्हा जागेवर. म्हणून कॉईल गरम असतानाच तपासली पाहिजे. गाडी बंद पडलेल्या जागीच मोठ्या फटीवर ठिणगी पाहावी. ठिणगी-परीक्षक खिशात ठेवून फेरफटका मारावा, एवढीच तयारी लागते. घरी करायचे तर कॉईलला केस वाळवण्याच्या हेअर ड्रायरने हळूहळू ऊब द्यावी. ज्योत किंवा स्टोव्ह वापरू नये.

गरम कॉईलचा मीटरवरील आकडा थंडीतल्यापेक्षा वाढलेला दिसेल. त्याने घाबरून जाऊ नये. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. २० अंशांवर ६ हजार ओहम दाखवणारी सेकंडरी ८० अंशांवर सुमारे ७,४०० ओहम दाखवील. हा तांब्याचा धर्म आहे, दोष नव्हे. आकडा त्याहून फार उंच उडाला, अचानक नाहीसा झाला, किंवा गरम होऊनही खाली घसरला, तर मात्र संशय पक्का धरावा.

येथेही घाई नको, कारण गरम झाल्यावर बंद पडण्याचे लक्षण इतर भागही हुबेहूब दाखवतात. कंडेन्सर गरम होऊन हात टेकतो. मॅग्नेटखालची कॉईल इंजिनाला चिकटूनच असल्याने टाकीखालच्या कॉईलपेक्षा अधिक तापते, आणि दोष पुष्कळदा तिचाच असतो. याहून फसवा दोष पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचा. झाकणातील हवेचे बारीक छिद्र धुळीने बुजले की टाकीत निर्वात होऊ लागतो, पेट्रोल उतरेनासे होते आणि गाडी वीस मिनिटांनी बंद पडते. अर्धा तास थांबल्यावर हवा हळूहळू आत शिरते आणि गाडी पुन्हा चालते. या झाकणापायी किती कॉईली फेकल्या गेल्या असतील, याची मोजदाद नाही. म्हणून गाडी बंद पडताच तीन गोष्टी त्याच जागी कराव्यात. आधी झाकण सैल करून 'फुस्स' असा आवाज येतो का ते ऐकावे. मग प्लग काढून ओला की कोरडा ते पाहावे. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही. शेवटी ठिणगी पाहावी. या तीन उत्तरांपुढे महिनाभराचे तर्क फिके पडतात.

सर्वांत अखेरची कसोटी अदलाबदलीची. खात्रीची, त्याच जातीची, आधी तपासलेली कॉईल तात्पुरती लावून तोच फेरफटका मारावा. तक्रार गेली तर एवढ्यावर न थांबता जुनी कॉईल पुन्हा लावून पाहावी. तक्रार परत आली, तरच आरोप सिद्ध झाला. पुष्कळदा असे होते की कॉईल बदलताना गंजलेले टोक साफ होते, स्क्रू नीट आवळला जातो आणि श्रेय नव्या कॉईलला मिळते. जुनी पुन्हा लावून पाहण्याच्या दहा मिनिटांत हा भ्रम फिटतो आणि अर्धशतकापूर्वीची अस्सल वस्तू भंगारात जाण्यापासून वाचते.

आता दुकानाच्या बाजूने विचार करू. हा सारा क्रम गल्ल्यावर बसून करता येणार नाही, हे मान्य. पण तीन गोष्टी कोणत्याही दुकानास शक्य आहेत. पहिली, गल्ल्याजवळ एक बरा मल्टीमीटर आणि एक ठिणगी-परीक्षक ठेवावा. नवी कॉईल देण्यापूर्वी ग्राहकासमोर प्रायमरी व सेकंडरी मोजून ते दोन आकडे बिलावर लिहून द्यावेत. माल निघाला तेव्हा धड होता, याचा तो पुरावा; पुढे वाद झालाच तर आवाज चढवण्याची वेळ येत नाही. दुसरी, ज्या दोन-चार जातींच्या गाड्यांचे ग्राहक नेहमी येतात, त्यांची प्रत्येकी एक तपासलेली कॉईल 'चाचणीची कॉईल' म्हणून बाजूला ठेवावी आणि ओळखीच्या मिस्त्रीला अनामत घेऊन एक दिवसासाठी द्यावी. ती विकायची नाही, तिची किंमत खर्चात धरायची. तिसरी गोष्ट सर्वांत सोपी आणि सर्वांत अवघड : ग्राहकाने 'कॉईल द्या' म्हणताच मागे फळीकडे वळण्याआधी दोन प्रश्न विचारावेत. "गाडी थंड असताना चालते का?" आणि "अलीकडे रंगकाम किंवा वायरिंगचे काम केले का?" पहिल्या प्रश्नाचे 'हो' असे उत्तर आले, तर उष्णतेची परीक्षा सुचवावी आणि टाकीच्या झाकणाची आठवण करून द्यावी. दुसऱ्याचे आले, तर अर्थ आणि स्विचची तार पाहायला सांगावी.

यात विक्री हातची जाते, हे खरे. ज्या दिवशी झाकण साफ करून ग्राहकाचे काम होते, त्या दिवशी दुकानाच्या वहीत जमेच्या बाजूला काहीच लिहिले जात नाही. पण जुन्या गाड्यांचे जग लहान आहे. या मंडळींचे आपापसात दळणवळण दांडगे असते, आणि 'तेथे विचारून घे, उगाच माल गळ्यात मारत नाहीत' हे वाक्य ती एकमेकांना सांगतात. पुढे इंजिन उघडण्याची वेळ येते तेव्हा पिस्टन, रिंग, बेअरिंग, सील, गॅस्केट अशी लांब यादी घेऊन तोच ग्राहक येतो आणि दर विचारण्यासाठी दुसरे दुकान धुंडाळत नाही. उलट न लागणारी कॉईल घेऊन गेलेला ग्राहक भांडायला येईलच असेही नाही. बरेचदा तो मुकाट्याने सोसतो आणि पुन्हा त्या पायरीवर चढत नाही. दुकानदाराला त्याचा पत्ताही लागत नाही.

घरातील तरुण मुलांनाही हे काम जरूर शिकवावे. एखाद्या रविवारी घरातील जुनी गाडी अंगणात घेऊन, मीटर हातात देऊन वरचा क्रम एकदा संपूर्ण करवून घ्यावा, आणि प्रत्येक पायरीचा आकडा वहीत लिहायला लावावा. गाडी चांगली चालत असतानाच हे करावे, म्हणजे धड कॉईलचे, धड कंडेन्सरचे आणि धड टोपीचे आकडे नोंदलेले राहतात. पुढे ती गाडी बंद पडेल तेव्हा पुस्तिका सापडली नाही तरी त्या वहीशी ताडून पाहता येईल. वहीवर गाडीचे नाव, साल, तारीख आणि त्या दिवसाचे तापमान घालावे. तापमान नोंदले नसेल तर गरम आणि थंड आकड्यांची तुलना करता येणार नाही.